ख्वाजामियाँचा होकार

अ‍ॅम्प्लिफायरचं झाकण काढताच जळका वास आला आणि ख्वाजामियाँना विचारायचं काही उरलं नाही. तरी त्यांनी विचारलं, "बेस-स्पीकरचे दोन्ही डबे एकाच टर्मिनलवर जोडले व्हते ना?"

भारत मान खाली घालून काहीतरी बोलला. तीर्थपुरीत लग्नकार्याला साउंड देणारा हा माणूस मुळातच हळू बोलायचा. ख्वाजामियाँनी नेहमीसारखी मान हलवली. उभी हयात स्पीकरसमोर गेल्यानं त्यांचे कान कधीच निकामी झाले होते. गिऱ्हाइकाला ते कळू नये म्हणून ते ओठांकडे बघत, आणि ओठ दिसले नाहीत की हो म्हणून मोकळे होत. बहिऱ्या मेकॅनिककडे साउंड कोण आणणार?

ठाऊक होतं ते फक्त बायकोला, शहाजादीला. दुपारी जेवण घेऊन ती दुकानात यायची ती दिवस मावळेपर्यंत बसायची, आणि गिऱ्हाईक बोलेल तेच, गप्पा मारल्यासारखं, मोठ्यानं परत म्हणायची. लोकांना वाटायचं, बाई फार बडबडी आहे. घरी मात्र ती मोजकंच बोलायची.

मूत्रपिंडाच्या आजारानं ती गेली. जालन्याच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. त्या दुपारी ख्वाजामियाँ तिच्या उशाशी होते. तिनं डोळे उघडले, त्यांचं बोट धरलं आणि बोलू लागली. बरंच बोलली. आवाजात जोर नव्हता आणि सुकलेले ओठ जेमतेम हलत होते. ख्वाजामियाँना एक शब्दही कळेना. बोलणं संपल्यावर ती त्यांच्याकडे बघत राहिली. तिला उत्तर हवं होतं.

"हाव," ते होकारार्थी मान हलवत म्हणाले.

तिच्या कपाळावरची आठी गेली. ह्या माणसाचं हो म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी तिनं त्यावर विश्वास ठेवला आणि डोळे मिटले. परत उघडले नाहीत.

दफन झाल्यावर, माणसं पांगल्यावर, त्यांनी सुनेला बाजूला बोलावलं. "अम्मी क्या बोली, तूने सुनी क्या?"

"मैं अंदर थी, अब्बा," महजबीन म्हणाली आणि रडायला लागली.

आपण काय कबूल केलं? दुकान बंद करायचं? पोराजवळ राहायचं? की तिला कुणाची काळजी लागली होती? दिलेला शब्द पाळायला तो कळायला तरी हवा होता.

समोर भारत अजून बोलतच होता, मान तशीच खाली. ख्वाजामियाँनी हातातला पेचकस ठेवला.

"भारत, वर बघून बोल. मला ऐकू येत न्हाई."

भारतनं मान वर केली. मग त्यांच्याकडे तोंड करून म्हणाला, "कवापासून, चाचा?"

"लई वर्सं झाली. तुझी चाची व्हती, म्हून कुणाला कळलं न्हाई."

भारतनं सगळं पुन्हा सावकाश सांगितलं. हळदीला लोकांनी बेस वाढव म्हणून गलका केला, म्हणून त्यानं दुसरा डबा पहिल्याच्याच जोडीला लावला होता.

"तुझं मशीन चार ओहमच्या खाली चालत न्हाई," ख्वाजामियाँ म्हणाले. "डबे चार-चारचे. तसे जोडले की दोनच ओहम राहते. करंट लई ओढल्या जातो, मंग मशीन जळतं."

जळालेले भाग बदलून त्यांनी दोन्ही डबे एकामागे एक जोडले: पहिल्याची मायनस वायर दुसऱ्याच्या प्लसला. मीटर लावून पाहिलं. आठच्या आसपास आकडा आला. आवाज थोडा कमी येईल, पण मशीन वाचेल, असं त्यांनी बजावलं.

भारतनं गाणं लावलं. छपराचा पत्रा थरथरला.

"मी निस्ता आकडा पाह्यला," ख्वाजामियाँ म्हणाले. "कसा येतो, ते तू सांग."

भारत त्यांच्यासमोर उकिडवा बसला. बेस भरून येतोय, कुठं फाटत नाही, गाणाऱ्या बाईचा आवाजही मोकळा ऐकू येतोय, असं एकेक शब्द सुटा करून तो सांगत गेला. ख्वाजामियाँ त्याच्या ओठांवरून नजर काढत नव्हते. सांगून झालं तेव्हा ते म्हणाले, "परत सांग."

भारतनं परत सांगितलं.