क्वाबूच्या पोटात

चेन पाठीच्या मध्यावर अडकली, तेव्हाच राखीने "थांबा" म्हणायला हवं होतं.

"श्वास आत घे," मागून महेशदाजी म्हणाले.

"घेतलाय."

"अजून घे. ताईला तर हा ड्रेस ढगळ व्हायचा."

राखीने पोट आत ओढलं. दाजींनी दात-ओठ खाऊन हिसका दिला. चेन सर्रकन मानेपर्यंत गेली आणि काहीतरी टक्क करून फरशीवर पडलं.

"काय पडलं?"

"काही नाही. चेन ओढायची पुली निघाली. काढताना बघू."

इंदिरानगरातल्या त्या सोसायटीची मीटरची खोली जिन्याखाली होती. तिथे वाकूनच उभं राहावं लागायचं. मेचं ऊन दिवसभर पार्किंगच्या पत्र्यावर तापून आता खाली उतरत होतं. दाजींनी क्वाबूचं फोमचं डोकं उचललं आणि राखीच्या डोक्यावर चढवलं. बाहेरचा उजेड गेला. चोचीच्या फटीला काळी जाळी लावली होती, तेवढ्यातूनच काय ते दिसायचं: समोरच्याचं पोट, आपले पिवळे पंजे आणि जमीन.

मानेमागे कसलीतरी ओढाताण झाली.

"हे काय करताय?"

"पट्टा लावलाय. मागच्या वाढदिवसाला त्या कार्ट्याने डोकं उपटलं होतं, आठवतंय ना? सगळी पोरं रडायला लागली. आता कोणाच्या बापाला निघणार नाही." दाजींनी हूक अडकवून वर दोनदा थोपटलं. "आणि लक्षात ठेव, क्वाबू बोलत नाही."

ते तर तिला पाठच होतं. नाशिकमधल्या दहा वर्षांखालच्या प्रत्येक पोराला पाठ होतं. मोबाइलवरच्या त्या खेळात चित्रविचित्र प्राणी पकडून बाटलीत बंद करायचे असतात. त्याचंच कार्टून रोज दुपारी टीव्हीवर लागतं. त्यातला क्वाबू म्हणजे निळं, ढब्बं, रुंद चोचीचं एक बदक. त्याच्या तोंडात आख्खं तळं साठवलेलं असतं, म्हणून तो कधी चोच उघडत नाही. फारच छळलं, की दोन्ही पंखांनी गळा धरतो, डुलतो, आडवा होतो आणि मग चोच उघडून शत्रूला वाहवून नेतो. पोरं त्याला महापूर म्हणतात.

हा क्वाबू शिवला होता प्रतिभाताईने, स्वतःच्या मशीनवर, फोम आणि फरचं कापड आणून. तीन उन्हाळे त्यात तीच नाचली. या खेपेला तिला दिवस गेले आणि डॉक्टरांनी नाही म्हटलं. "एकच वाढदिवस कर गं, आधीच ठरलाय," असं ताई राखीला म्हणाली, त्याला आता चार महिने झाले होते. राखीची बीएस्सी झाली होती. अंबडच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये तिने अर्ज दिला होता. पण मुलाखतीचा विषय निघाला की दाजी म्हणायचे, "बाळ होऊ दे, मग बघू." बहिणीच्या नवऱ्याला तोंडावर नाही म्हणायची घरात पद्धत नव्हती. शिवाय ताई तिच्याकडे बघून नुसती हसायची, त्या हसण्याला काय उत्तर द्यायचं?

"मी केक घेऊन येतो," दाजी म्हणाले. "तू पोरं सांभाळ."

पार्किंगमध्ये फुग्यांची कमान होती, दोन मोठे स्पीकर होते आणि क्वाबू दिसताच उठलेली आरोळी होती. वाढदिवस मनालीचा. ती सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली. ती धावत येऊन पोटाला बिलगली. तिची आई उज्वला शाळेत शिक्षिका होती आणि इथेही तिचा आवाज वर्गातलाच होता: "रांगेत! सगळ्यांना फोटो मिळेल! रांगेत!"

बाजूला खुर्चीवर मनालीची आजी बसली होती. कळवणकडची, लुगड्यातली, पाय सरळ पुढे सोडून. फोटोसाठी राखी तिच्यापुढे गेली आणि पंख हलवून टाटा केला.

"चुकलं," आजी म्हणाली.

राखीने पुन्हा टाटा केला.

"अगं, त्यो उजवा पंख हालवत नाय. उजव्या पंखाला त्या खेकड्यानं चावलेलं हाय. डावा हालव."

"भिमाबाईंना सगळं माहितीय," कोणीतरी शेजारीण हसत म्हणाली. "नातीबरोबर रोज बघतात."

"नातीबरोबर काय? ती तर मधीच झोपती," भिमाबाई म्हणाल्या. "मीच बघते. येळ जात नाय इथं चौथ्या मजल्यावर."

राखीने डावा पंख हलवला. त्या पंखात अस्तराच्या आत काहीतरी कडक होतं, ते नेहमीसारखं तळव्याला टोचलं. तार असणार. त्याच्याजवळ एक बटणही लागायचं. ते तिथे कशाला, हे तिला कधी कळलं नव्हतं.

मग उज्वलाने स्पीकर बंद करायला लावले. टेबलावर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. मनालीच्या वडिलांनी, अमितने, मेणबत्ती लावली. सगळे उभे राहिले, भिमाबाईसुद्धा. पोरांनी हात जोडले. क्वाबूनेही पंख जोडले, त्यावर एकदोघं खुसखुसली आणि उज्वलाने नुसतं बघितल्यावर गप्प झाली. वंदना सुरू झाली.

एवढ्या शांततेत राखीला पहिल्यांदा आपला श्वास ऐकू आला. तो आखूड झाला होता. घाम कपाळावरून डोळ्यांत येत होता आणि पुसायला बोटं नव्हती, पंखाचं टोक नुसतं फोमवर आपटायचं. घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो, तेव्हा अंग निवतं. आणि इथे आतली हवाच घामाने भरली होती, वाळायला जागा कुठे? हे तिला परीक्षेत विचारलं असतं तर तिने मुद्देसूद लिहिलं असतं.

आता हाक मारावी, तिला वाटलं. आता सगळे गप्प आहेत. नुसतं "मला बाहेर काढा" म्हटलं तरी शेवटच्या खुर्चीपर्यंत जाईल.

पण वंदना चालू होती. लहानपणापासून घरी, विहारात, वंदना चालू असताना पाण्याचा पेलासुद्धा कोणी मागितला नव्हता. तिच्या तोंडातून आवाज निघाला तो इतरांबरोबर, पंचशीलाच्या ओळींचा, फोमच्या आत, तिच्यापुरता. संपलं की बोलू, तिने ठरवलं.

संपलं, आणि "साधू" म्हणेपर्यंत कोणीतरी स्पीकर पुन्हा लावला.

"आता क्वाबूला पकडायचं!" मनाली ओरडली.

पोरांनी हातात हात धरून गोल केला. हा खेळ प्रत्येक वाढदिवसाला व्हायचा. गोल म्हणजे बाटली, क्वाबूने फट शोधून निसटायचं, पोरांनी निसटू द्यायचं नाही. राखी एका फटीकडे गेली. फट मिटली. दुसरीकडे गेली. तिथली दोन पोरं किंचाळून एकमेकांना चिकटली. गाण्याचे ठोके छातीत बसत होते. तिला जिन्याची दिशा हवी होती, मीटरच्या खोलीची. पण जाळीतून नुसते गुडघे फिरत होते आणि कुठली बाजू कुठली, ते कळेना.

"मला जाऊ द्या," ती म्हणाली.

फोमने आवाज खाल्ला.

"अरे, मला जाऊ द्या! गुदमरतंय!"

"क्वाबू बडबडतोय!" एक पोरगा खिदळला. "तळं सांडेल, गाढवा!"

तिने डोकं वर ढकलून बघितलं. पट्ट्याने मानेला मागे हिसका दिला. पंखांनी हूक शोधायला गेली, तर पंख खांद्याच्या वर जातच नव्हते. ताईने ते बदकासारखे आखूड शिवले होते, हुबेहूब. डोळ्यांपुढे काजवे चमकले. हात आपसूक गळ्याकडे गेले.

"महापूर!"

सगळं पार्किंग ओरडलं. "महापूर! महापूर!" मोठ्या माणसांचे मोबाइल वर झाले. राखीने मान हलवली: नाही, नाही. ढब्बं निळं डोकं इकडून तिकडे डोललं आणि टाळ्या दुप्पट झाल्या. तिने एक पाऊल टाकलं. अमित म्हणत होता, "काय ॲक्टिंग करतोय राव! माणूस भारी आणलाय." तिला कळलं, की आता आपण जे काही करू ते त्या बदकाचंच होणार. हात जोडले तरी, लाथा झाडल्या तरी. आत कोणी आहे, हेच बाहेर कोणाच्या डोक्यात नव्हतं.

ती गुडघ्यांवर आली आणि मग तशीच मागे टेकून बसली, मान खाली, चोच छातीवर.

पोरं थांबली. पुराची वाट बघू लागली.

"ह्यो बसला कसा?"

आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता.

"आई, तुम्ही बसा," उज्वला म्हणाली. "खेळ चाललाय त्यांचा."

"कसला खेळ? बदक्या कवा बसतो का? मरायला टेकला तरी बसत नाय त्यो, बसला तर तळं सांडतं. उताना पडतो. आन् आधी पाय आपटला का यानं? नाय आपटला." भिमाबाई गोल तोडून आत आल्या. "हे सोंग नाय. आत कोन हाय रे? ते गानं बंद करा आधी!"

गाणं बंद झालं. भिमाबाईंनी चोचीच्या जाळीला कान लावला.

"पोरगी हाय," त्या म्हणाल्या. "जीव चाललाय हिचा."

त्यांच्या जाड बोटांनी मानेमागचा हूक चाचपला आणि ब्लाउजचा काढावा तसा सहज काढला. डोकं निघालं. राखीच्या तोंडावर पार्किंगची गरम हवा आली, आणि ती तिला गारच गार वाटली. मनालीने किंकाळी फोडली. तिच्यामागून पोरांनी सूर धरला.

"रडायचं नाय," भिमाबाईंनी दरडावलं. "त्याचं तळं आटलं व्हतं. पानी आना. पळा, ज्यानं त्यानं आपली बाटली आना!"

पोरं बाटल्यांकडे पळाली. रडायचं राहून गेलं.

चेन मात्र हलेना. पुली नव्हती, आणि दाते घामाने ओले. अमित सुरी शोधायला लागला, केकची प्लास्टिकची सुरी. "ठिव ते," म्हणून भिमाबाईंनी तसबिरीपुढची मेणबत्ती उचलली, विझवली आणि दात्यांवरून वरखाली घासली. मग केसातला आकडा काढून चेनच्या उरलेल्या बोंडात अडकवला आणि ओढला. पाठ उघडली. पोरांनी राखीवर पाणी ओतलं, प्रत्येकाने, कार्टूनवाल्या बाटल्यांतून. ती भिजत बसून राहिली.

तेवढ्यात दाजी केकचा खोका घेऊन आले. आधी रिकामा क्वाबू बघितला, मग राखी.

"हे काय? अजून केक कापायचाय! फोटो आहेत!" ते खाली वाकले. आवाज मऊ केला. "पाचच मिनिटं गं, राखी. डोकं ढिलं ठेवतो."

राखी पाणी पीत राहिली.

"तुमीच घाला की, पाव्हनं," भिमाबाई म्हणाल्या.

"मी? मला नाही बसणार तो."

"श्वास आत घ्या," राखी म्हणाली.

उज्वला हसली, मग अमित, मग सगळे. पोरं "क्वाबू! क्वाबू!" करत दाजींना ओढू लागली. एवढ्या लोकांपुढे दाजींना नाही म्हणता येईना. राखीने स्वतः चेन लावली, आकडा धरून, सावकाश. दाजींचे पाय खालून वीतभर उघडे राहिले. डोकं चढवलं. आतून पुटपुट ऐकू आली, "राखी, जाळीतून काहीच दिसत नाही गं."

"क्वाबू बोलत नाही, दाजी."

कोणीतरी पाण्याची बादली आणून ठेवली होती, तिच्यात पाय सोडून राखी भिमाबाईंशेजारी बसली आणि ताईला फोन लावला. सगळं सांगितलं.

"ताई? तू कशी काढलीस गं तीन वर्षं त्यात?"

"कात्री होती ना," ताई म्हणाली.

"कुठे?"

"डाव्या पंखात. अस्तराला खिसा केलाय. बटण काढलं, की बोटांत येते. मऊ कापडात गुंडाळून ठेवलीय."

राखीने आपल्या डाव्या तळव्याकडे बघितलं. जिथे नेहमी टोचायचं, तिथे लालसर वळ होता.

"तू मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू पहिल्याच दिवशी कापून बाहेर आली असतीस." ताई हसायला गेली, पण ते हसू तिला जमलं नाही. "रोज सांगायचं म्हणायचे. खरंच."

"तू कधी कापलंस?"

"नाही."

"मग कशाला ठेवलीस?"

"ती होती म्हणून आत राहता यायचं."

राखीने मूठ मिटली. मग राखी म्हणाली, "उद्या मी अंबडला फोन करणार आहे, ताई. दाजींना तू सांग. नाहीतर मीच सांगते."

"तूच सांग," ताई म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "सांगशील ना?"

गाणं पुन्हा लागलं होतं. केक कापून झाला होता आणि पोरांनी हातात हात धरून गोल केला होता. मध्ये उंचाडा, पोटऱ्या उघड्या टाकलेला क्वाबू एका फटीकडे गेला, दुसरीकडे गेला. मग त्याने दोन्ही पंखांनी गळा धरला.

"महापूर! महापूर!"

राखीने भिमाबाईंकडे बघितलं. भिमाबाई पुढे झुकून डोळे बारीक करून बघत होत्या.

"पाय आपटला का?" राखीने विचारलं.

"बघते हाय," भिमाबाई म्हणाल्या. "अजून तरी नाय."

क्वाबू डुलला. तो खेळतोय की आत खरंच जीव घाबरलाय, ते इतक्या लांबून कळत नव्हतं. राखीने बादलीतून पाय काढले. आकडा भिमाबाईंच्या मांडीवर होता, तो उचलला, आणि ओल्या पायांनी गोलाकडे चालायला लागली.