पहिला डबा

आमच्या डेन्झिलला लहानपणापासून एक खोड आहे. दुसऱ्याच्या हातातलं काम तो काढून घेतो. कोटाची बटणं लावायला मला जरा वेळ लागला की याची बोटं माझ्या गळ्याशी आलीच. ताटातलं हॅम मी कापायच्या आत यानं कापलेलं असतं. वाक्य मी सुरू करायचं आणि संपवायचं यानं. लोक म्हणतात, व्हर्ली, तुझा मुलगा सोन्यासारखा आहे. असेल. सोनंसुद्धा उरावर ठेवलं की जडच लागतं.

त्या दिवशी कॉयच्या दुकानात तेच. मी अजून दारात पाय पुसत होते, तोवर हा काउंटरवर वाकून सांगायलाही लागला होता, ‘‘ममासाठी एक बावीसची, बारीक गोळीची रायफल बघायचीय. हलकी हवी, महाग नको. नुसती डबे पाडायला.’’

कॉयनं त्याच्याकडे बघितलंही नाही. मला विचारलं, ‘‘मिस व्हर्ली, हॉबर्टच्या बंदुकीला काय झालं?’’

‘‘तिला काय होतंय?’’ मी म्हटलं. ‘‘जे व्हायचं ते माझ्या डोळ्याला झालंय.’’

उजव्या डोळ्याच्या मधोमध डाग पडलाय. कडेचं सगळं दिसतं, जिथे बघावं तेवढंच नेमकं पुसलं जातं. माणूस दिसतो, त्याचा चेहरा नाही. खांब दिसतो, त्यावरचा डबा नाही. डावाही त्याच वाटेनं जाणार, असं डॉक्टर म्हणाला. तो जाईपर्यंत डाव्या खांद्यावरून नेम धरायचा असं मी ठरवलं होतं. पण हॉबर्टची, माझ्या नवऱ्याची, बंदूक लोखंडाच्या पहारीसारखी, आणि माझ्या डाव्या दंडात तेवढा जीव नाही.

डेन्झिलनं भिंतीवरची आपोआप भरणारी काढली. चाप दाबत राहायचं, गोळ्या सुटत राहतात. ‘‘ममा, ही घे. दहा सोडल्यास की एक तरी लागेलच.’’

जिनं आयुष्यभर एका गोळीत खार पाडली तिला पोटचा मुलगा हे सांगतो. शिवाय असल्या बंदुकीच्या रिकाम्या पुंगळ्या उजवीकडे उडतात. डाव्या खांद्यावर धरली की त्या तोंडासमोरून जाणार, एखादी गरम पुंगळी बाहीतही शिरणार. एवढाही विचार नाही. वर यानं तिचा चाप रिकामाच दाबला. मी त्याच्या हातावर चापट मारली. बावीसची रिकामी वाजवली की आतला खिळा नळीच्या काठावर आपटतो आणि बोथट होतो. आमच्या खोऱ्यातली पोरं हे नीट बोलता येण्याआधी शिकतात, आणि हा आता आजोबा झालाय.

मग म्हणाला, दुर्बीण बसवून घेऊ. मी म्हटलं, बसव, म्हणजे डाग मोठा दिसेल. कॉयला हसू आलं, पण त्यानं ते खोकल्यात घालवलं.

एक मात्र माझ्या मनात भरली. चापाभोवतीचं कडं खाली ओढून भरायची, दोन्ही खांद्यांना चालणारी, अक्रोडाच्या लाकडाची. खांद्याला लावली आणि गाल आपणहून तिच्यावर टेकला. किंमत विचारली आणि परत ठेवली. हॉबर्टची फुप्फुसं घेऊन कोळशाच्या खाणवाल्यांनी जे महिन्याचं पेन्शन लावून दिलंय, त्यात ती बसत नव्हती. डेन्झिलचा हात पाकिटाकडे गेला. मी नुसतं बघितलं, तेव्हा तो थांबला.

शेवटी कॉयनं खालच्या फळीवरून एक काढली. एका वेळी एकच गोळी, तीही हातानं भरायची. आखूड दस्ता, हलकी नळी, नेमाला मागे एक बारीक गोल भोक. सगळ्यात स्वस्त. कॉय जरा घुटमळला.

‘‘ही कुणासाठी बनवतात ते मला ठाऊक आहे,’’ मी म्हटलं. ‘‘वाढदिवसाला पोरांना देतात. दे इकडे.’’

डाव्या खांद्याला ती मापानं शिवल्यासारखी बसली. मी केव्हा इतकी आटले ते मला कळलंच नव्हतं. त्या भोकातून पलीकडच्या भिंतीवरचं हरणाचं शिंग दिसलं, स्पष्ट दिसलं. पैसे मी माझे दिले.

घाई होती ती मे महिना जवळ आल्याची. तो संपता संपता दरवर्षी आम्ही टेकडीवर, घरच्या थडग्यांपाशी जातो. थडग्यांवरचं गवत काढायचं, फुलं ठेवायची, तिथेच चादरी पसरून जेवायचं. मग खालच्या कुरणात, दरडीच्या अंगाला, खांबावर डबा ठेवायचा. पहिला नेम घरातल्या सगळ्यात वडील माणसाचा. त्याला तीन गोळ्या. तोवर दुसरं कुणी बंदुकीला हात लावत नाही. भोक पडलेला तो डबा फुलं घालून सगळ्यात नव्या थडग्यावर ठेवायचा. आमच्यातलं सगळ्यात नवं थडगं हॉबर्टचं. त्याच्या उशाशी मी पाडलेले डबे ओळीनं गंजत पडलेत.

आणि तिन्ही चुकल्या, तर वडील माणसानं बंदूक पुढच्याच्या हातात द्यायची.

माझ्या सासूच्या, डेलीच्या, चुकल्या तेव्हा मी डेन्झिलला मांडीवर घेऊन बसले होते. एवढी तिखट बाई. मला वाटलं, आता कुणाचं तरी डोकं फुटतंय. तिनं ॲप्रननं नळी पुसली, हॉबर्टपुढे धरली आणि म्हणाली, ‘‘घे. आता तू.’’ बस. मग आमच्यात येऊन बसली आणि सफरचंदाची तळलेली करंजी खाल्ली. तिच्याकडून काही गेलं असं कुणालाच वाटलं नाही. तिनं दिलं होतं.

नवी बंदूक आणल्यावर मी रोज सकाळी ओसरीत खुर्ची टाकून बसायची. समोरच्या दरडीला डबा. सुरुवातीला लागायचं. फट् आणि लगेच टण्. ते टण् ऐकलं की कॉफीसुद्धा गोड लागायची. मग टण् कमी कमी होत गेलं. एका सकाळी त्या बारीक भोकात तांदळाच्या कणीएवढं धुकं दिसलं. मी भोक पुसलं. चष्मा पुसला. डोळा पुसला. कणी तिथेच.

डेन्झिल ओढ्यापलीकडेच राहतो. त्याची खिडकी उघडी असायची, आणि फटनंतर टण् येत नाही हे त्यालाही ऐकू जातच असणार. तो उकडलेले बीन्स आणि मक्याचा पाव आणून ठेवायचा, आणि मी जेवत असताना माझ्या बंदुकीच्या गोळ्यांची पेटी हलवून किती उरल्यात ते बघायचा.

मी मनाशी ठरवून टाकलं. लागलं तर लागलं. नाही तर नळी पुसायची आणि डेन्झिलला द्यायची. शेवटी शेवटी मी बंदूक मांडीवर ठेवून ते शब्दच म्हणून बघायची. घे. आता तू. नेम बिघडत गेला, हे मात्र रोज नीट जमत गेलं.

टेकडीच्या दिवशी ओहायोकडे पोटासाठी गेलेले आमचे सगळे आले. गाड्या पार ओढ्यापर्यंत. जेवणं झाली, आम्ही खाली उतरलो. डेन्झिलनं स्वतः जाऊन डबा ठेवला, त्याला वेळही बराच लागला. मग माझ्या मागे एका बाजूला जाऊन उभा राहिला.

पहिल्या गोळीनं दरडीची माती उडाली. दुसरीचं काय झालं ते मला समजलंही नाही. मी तिसरी भरली. भोकात धुकं होतं, धुक्यात कुठेतरी खांब होता. चाप दाबतानाच हात हलल्याचं मला कळलं.

फट्. आणि पुढे काही नाही. टण् नाही.

पण डबा पडला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमची पोरं डबा पडायच्या आत धावत सुटतात, कुणी आणायचा यावरून मारामाऱ्या होतात. त्या दिवशी एकही पोर धावलं नाही. सगळी आपापल्या आईबापांकडे बघत होती.

‘‘ममा, तू बस,’’ डेन्झिल म्हणाला. ‘‘मी आणतो.’’

मी बंदूक काखेत धरून चालत गेले. गोळी लागलेला डबा दरडीकडे जातो. हा खांबाच्या अलीकडे, माझ्या बाजूला पडला होता. उचलून अंगठा सगळीकडून फिरवला. एकही भोक नाही. कडेखाली मासे धरायच्या गळाची दोरी, नीट दुहेरी गाठ मारलेली. ती गाठ मारायला त्याला त्याच्या बापानं शिकवलं होतं. दोरीचं दुसरं टोक गवतातून मागे गेलं होतं. कुठवर, ते बघायची मला गरज नव्हती. दातानं तोडली आणि तशीच टेकडी चढायला लागले. मागे बाकीच्यांच्या बंदुका सुरू झाल्या. त्यांची वाट मोकळी झाली होती.

हॉबर्टच्या उशाशी डबा ठेवला. फुलं घातली, बरणीतलं पाणी ओतलं. दरवर्षी पाणी ओतलं की भोकातून धार लागते, माझे बूट भिजतात. या वर्षी थेंबही गळला नाही. काठोकाठ भरून राहिला.

डेन्झिल धापा टाकत वर आला. त्यानं त्या पाण्याकडे बघितलं.

‘‘ममा, सगळे एवढ्या लांबून आलेले,’’ तो म्हणाला. ‘‘तुला वाईट वाटू नये, एवढंच होतं मनात.’’

मी ॲप्रननं नळी पुसली. सवयीनंच पुसली. मग बंदूक त्याच्या बापाच्या थडग्याच्या दगडाला टेकवून ठेवली आणि त्याला म्हटलं, ‘‘लागलं असतं तर ते माझं होतं, डेन्झिल. चुकलं असतं तर तेही माझंच होतं, आणि त्यानंतर ही तुला मीच देणार होते. आता उचल आणि ने. पण आईनं दिली असं कुणाला सांगू नकोस. तू घेतलीस, असं सांग.’’