हिसाकोच्या बाह्या

"सोळा वर्षं बाह्या वर घेतेय, आणि आता म्हणे खाली सोडा!" दातांत टाचण्या धरून मुग्धा पुटपुटली. समोर स्टुलावर हिसाको हात पसरून उभी होती.

दुबईतल्या त्या हॉटेलच्या तळघरात मुग्धा गणवेश शिवायची, आणि वर लॉबीत हिसाको जाझ पियानो वाजवायची. जपानमधल्या कोबेच्या एका कॉफीच्या दुकानात तबकड्या ऐकून ती शिकली होती. बाईच्या हातात जोर नसतो म्हणत तिथल्या बँडवाल्यांनी तिला दहा वर्षं नुसतं साथीला बसवलं. मग सहा महिन्यांच्या करारावर ती इथे आली आणि चौसष्ट वर्षांची झाली तरी इथेच होती. गाणी तीच, पण दोनदा सारखं वाजवणं तिला जमायचंच नाही. मुग्धाला सुरांतलं काही कळत नसे. जिन्यात उभं राहून ऐकताना एवढं मात्र कळायचं, की कालचं आज नाही.

मॅनेजर प्रकाश दारातून डोकावला. कुडाळचा, बोलायला साखर. "ताई, पार बोटांपर्यंत येऊ देत हं. एलिगंट दिसतं."

"वाजवताना अडकतील ना रे!"

"नाही अडकणार." त्याने मोबाइलात डोकं घातलं. "यल्ला, चला आटपा, चारला गेस्ट येतायत."

अडकतील कशाला? नवा पियानो आपला आपण वाजतो, हे दारवानापासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. एप्रिलमध्ये 'आठवण म्हणून' हिसाकोचंच वादन त्यात भरून घेतलं होतं. नव्या मालकांना रोज तेच, तेवढंच, त्याच मिनिटाला हवं होतं. गेले चार दिवस हिसाको फक्त बसत होती आणि पट्ट्यांवरून हात फिरवत होती. बोटं टेकत नाहीत हे झाकायला आता हे कापड! नाही म्हटलं तर व्हिसा खलास. आणि सगळे आपले 'नवीन सिस्टीम' म्हणून मोकळे. मुग्धाच्या डोक्यात तिडीक गेली. तरी तिने दोन इंच कापड सोडलंच. तिचाही व्हिसा त्याच हॉटेलचा होता.

"हिसाकोसान, कुछ तो बोलो!"

"पहले सिलाई," हिसाको म्हणाली.

चारला मुग्धा जिन्यात उभी राहिली. तिसऱ्या गाण्यात डाव्या हाताचा सूर किंचित रेंगाळला. कालही इथेच रेंगाळला होता, परवाही. मुग्धाने रेलिंग घट्ट धरलं.

दर आठवड्याला चहाला येणाऱ्या एमानबाईंना मात्र राहवलं नाही. गाणं चालू असतानाच त्यांनी टाळ्या वाजवल्या. "मॅडम, आज काय वाजवलंत!"

हिसाकोचे हात हवेतच थांबले. मग तिने ते मांडीवर ठेवले. पट्ट्या एकट्याच खालीवर होत राहिल्या. लॉबीतले कप थांबले. प्रकाश हसू सावरत धावला, "मॅडम, प्लीज, सिट—"

हिसाको उठली. रोजच्यासारखी कमरेत वाकली.

"हे मी एप्रिलमध्ये वाजवलं होतं," ती इंग्रजीत, शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली. "आज मी काहीच वाजवलेलं नाही."