माझ्यातून गेलेलं पाणी

मी पंपाच्या खोलीतली निळी टाकी बोलतेय. तोंड दाखवायची लाज वाटते, पण आता सांगूनच टाकते.

इथलं जमिनीखालचं पाणी खडकांतून युरेनियम घेऊन वर येतं. त्याला ना रंग, ना वास, ना चव. ते धरून ठेवायला माझ्या पोटात मधाच्या रंगाचे बारीक मणी भरले आहेत. हे मणी युरेनियमने भरून गेले की पुढचं युरेनियम तसंच नळातून बाहेर जातं. म्हणून दर तीन महिन्यांनी नळाचं पाणी तपासायचं आणि वेळ आली की मणी बदलायचे, असं मला बसवणाऱ्यांनी पंपवाल्या काकांना बजावलं होतं.

काका माणूस सरळ, पण जरा जास्तच हुशार. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका दमात बारा बाटल्या भरून फळीवर मांडल्या. "रोज तेच पाणी, मग दर वेळी कशाला वाकायचं? तारीख तेवढी घालायची!" दर तीन महिन्यांनी त्यातली एक बाटली प्रयोगशाळेत जायची. अहवाल यायचा: पाणी उत्तम. काका तो माझ्या अंगावर चिकटवायचे आणि मी मिरवायचे.

त्यांच्या सुनेची मूत्रपिंडं अधू, आणि युरेनियम नेमका मूत्रपिंडांवरच घाला घालतं. डॉक्टरांनी तिला माझंच पाणी प्यायला सांगितलं होतं. रोज सकाळी कळशी भरताना ती माझ्या पोटावर थाप मारायची, "तुझ्याच जिवावर आहे गं मी!"

दोन वर्षं सरली आणि माझे मणी भरले. मला ते कळलं. युरेनियम माझ्यातून निसटून तिच्या कळशीत जात होतं आणि मी गप्प होते. टाकीला बोलता येत नाही, ही सबब खरी आहे. पण अंगावरच्या अहवालांनी मी फुगले होते, हेही तितकंच खरं.

एकदा काकांचा पाय मुरगळला, म्हणून बाटली पोचवायला सून निघाली.

"बाबा, हिच्यावर तर धूळ बसलीय. हे पाणी कधीचं?"

"कधीचं का असेना! पाणी ते पाणी."

तिने ती बाटली मोरीत ओतली आणि माझ्या नळाची ताजी भरून नेली.

या वेळच्या अहवालात युरेनियम मर्यादेच्या कितीतरी वर निघालं. काका सुनेला म्हणाले, "पोरी, मी तुला माझ्या हाताने हे पाजलं गं."

ती म्हणाली, "आधी नळाला कुलूप लावा, बाबा. लोक पाण्याला येतील."

आता माझ्यात नवे मणी आहेत. काका दर वेळी ताजी बाटली भरतात आणि सून शेजारी उभी राहते. माझ्या पोटावर मात्र ती थाप मारत नाही. कुठल्या तोंडाने मागू?

तुमच्या गल्लीत माझी एखादी बहीण असेल, तर तिच्या अंगावरच्या कागदाला भुलू नका. तपासलेलं पाणी कधी भरलं होतं, तेवढं विचारा. सुनेच्या रक्ततपासणीतला मूत्रपिंडाचा आकडा मी गप्प होते त्या महिन्यांत चढला, तो उतरलेला नाही. पाण्यातलं युरेनियम मी पुन्हा काढू लागले आहे. तिच्या अंगात गेलेलं मला काढता येत नाही.