रेडिओजवळची पिन

अठ्ठ्याण्णव साली तासगावच्या द्राक्षबागायतदारांच्या संघाने माधवनगरच्या श्रद्धाला एक काम दिलं. लालासाहेबांच्या बागेत तिने पेटी बसवायची. आतला मापक हवेतला दमटपणा मोजत राहणार आणि संघाच्या कचेरीतून रेडिओवर हाक आली की पेटी आकडा सांगणार. दमटपणा चढला की वेलांवर दावण्या नावाचा बुरशीचा रोग पडतो. वेळेवर कळलं तर फवारणी करून बाग वाचवता येते.

पेटीतला रेडिओ साताऱ्याच्या देवदत्तकाकांनी जुळवला होता. फौजेच्या सिग्नल विभागात त्यांची हयात गेली होती. चिपचा बोर्ड श्रद्धाचा. माधवनगरच्या तिच्या कारखान्यात दोन्ही नीट चाललं होतं, कारण तिथे हाक शेजारच्या खोलीतून येत होती. बागेत मात्र पेटी बहिरी झाली.

"मशिन बोलंना व्हय, बाई?" लालासाहेबांनी विचारलं. "छाटणी झालीया. आता रोग काय वाट बघत न्हाई."

श्रद्धाने मापकाची तार बोर्डातून उपटली. लगेच पेटीने कचेरीची हाक ऐकली आणि उत्तर दिलं. तार जोडली, पुन्हा चिडीचूप. मापक त्या तारेवरून चिपला सतत आकडे पाठवत होता आणि ती खडखड रेडिओच्या कानात जात होती. तार शिरत होती चिपच्या दहा नंबरच्या पिनमध्ये, आणि अँटेनाची वायर तिथून बोटभर अंतरावर होती.

सोबत आलेले काका घाईने म्हणाले, "रेडिओला हात लावायचा नाही हं. तो ओके आहे."

"नाही लावत, काका. हलायचं ते मलाच."

आधी काकांच्या सांगण्यावरून दोघांनी तार आणि अँटेना यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा लावला. थोडा फरक पडला, पण आभाळ भरून आलं की हाक पुन्हा हरवायची. बोर्ड उलटा फिरवावा, तर वीजपुरवठ्याची बाजू रेडिओला चिकटायची आणि तिची खरखर कानात शिरायची.

"मग दुसरी पिन घे," काका म्हणाले.

"तीच तर अडचण आहे. या चिपला फक्त दहा नंबरवर आपणहून ऐकता येतं. पलीकडच्या बाजूला तार नेली, तर ऐकायचं कसं ते तिला मी शिकवायला हवं. तारेवरून येणारा विजेचा एकेक ठोका मोजून."

"जमेल?"

"जमवायचंच आहे."

माधवनगरला परतून तिने ब्लेडने बोर्डावरची तांब्याची रेघ कापली आणि अँटेनापासून सगळ्यात लांबच्या कडेने नवी तार पलीकडच्या पिनला डकवली. मग प्रोग्राम लिहायला घेतला. पहिल्यांदा पडद्यावर नुसता कचरा आला. चिप ठोक्याच्या कडेवर बघत होती आणि कडेला तो हलत असतो. ऐन मध्यावर बघायला लावलं तेव्हा आकडे सुधारले, पण अधूनमधून एखादा चुकायचाच. चिप उत्तर पाठवत असताना मापकाचं बोलणं अर्धवट ऐकत होती. श्रद्धाने ते अर्धवट आकडे फेकून द्यायची सोय केली आणि दोनदा सारखा आला तोच आकडा खरा धरला. डोळे चुरचुरत होते. सासूबाईंनी आणून ठेवलेला चहा गार झाला, तो तिने तसाच प्यायला.

दोन दिवसांनी ती काकांना घेऊन पेटीसकट एस.टी.ने तासगावला गेली. त्या दिवशीही आभाळ दाटलेलं होतं. कचेरीत रेडिओ सांभाळणाऱ्या आप्पासोंनी हाक दिली. पेटी गप्प. काकांनी झाकण उघडून पाहिलं, तर आणताना धक्क्याने अँटेनाचा स्क्रू सैल झाला होता.

"हा माझा," म्हणत त्यांनी तो स्वतः आवळला.

पुन्हा हाक आली. रेडिओ करकरला आणि उत्तर गेलं. मग रेडिओवरच कचेरीतून आप्पासोंचा आवाज आला, "आला गड्या, आकडा आला! ब्याण्णव!"

लालासाहेबांनी मान वर करून आभाळाकडे बघितलं. "लय चढलाय." वेलीखाली पानं उलटून बघणाऱ्या बायकोला त्यांनी हाक मारली, "राहीबाई, पंप काढा. आजच मारायचं औषध."

राहीबाईंनी डोक्यावरचा पदर कंबरेला खोचला आणि त्या गोठ्याकडे निघाल्या. श्रद्धाने कचेरीला आणखी एकदा हाक द्यायला सांगितलं. मग आणखी एकदा. दर वेळी पेटीने ऐकलं. तेव्हा कुठे तिने झाकणाचे स्क्रू घट्ट केले.