शुक्रवारचं हैदराबाद

एप्रिल १९९७ मध्ये भगवानरावांनी मला हैदराबादच्या सहलीचं वेळापत्रक लिहायला सांगितलं. गावात बी.एस्सी. होऊन रिकामी बसलेली मी एकटीच होते, हे त्याचं कारण. भगवानराव गावातले मोठे शेतकरी, आणि त्यांचा डोळा पंचायत समितीवर होता. गेली तीन वर्षं दर उन्हाळ्यात ते पेठेतल्या दुकानदारांना कुटुंबासकट मिनीबसने हैदराबाद दाखवून आणत होते. चारमिनार, सालारजंग म्युझियम, बिर्ला मंदिर, गोवळकोंडा, सगळं एका दिवसात. आमचा आठवडी बाजार गुरुवारचा. बाजार उठला की गाडी निघायची, शुक्रवारी दिवसभर हैदराबाद, आणि शनिवारी सकाळी माणसं दुकानाच्या फळ्या काढायला परत हजर. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी पेठ बंद असते, म्हणून शुक्रवार. दुसरा वार कुणाच्या मनातही यायचा नाही.

"मागल्या खेपेला गोवळकोंड्यावर अंधार पडला," भगवानराव म्हणाले. "तू मिन्टामिन्टाचं लिहून दे. मंग कोण मागं राहतंय बघू."

मी लगेच हो म्हणाले, कारण मला त्या यादीत एक नाव घालायचं होतं.

मन्मथअप्पा माझे थोरले चुलते. एकतीस वर्षं त्यांचं पेठेत घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. गेल्या दिवाळीनंतर ते भर रस्त्यात ज्वारीच्या पोत्यांच्या हातगाडीवर धडकले, आणि मग लातूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डाव्या डोळ्याचं काम संपलेलं होतं. उजव्याला कडेचं काही दिसत नव्हतं, फक्त मधलं उरलं होतं. घरात कुणालाच हे आधी कळलं नाही, याचं मला पुष्कळ दिवस आश्चर्य वाटत राहिलं. नंतर उलगडा झाला. अप्पांचं सगळं काम डोळ्याला भिंग लावून रुपयाएवढ्या जागेत चालायचं. सकाळी पूजेलाही ते तळहातावर इष्टलिंग घेऊन त्याच्याकडेच बघत बसायचे. मधलं तेवढं शाबूत असेपर्यंत त्यांना दिवसभर काही कमी पडत नव्हतं.

डॉक्टरांनी थेंब दिले. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं किती दिवस राहील ते सांगता येत नाही, असं ते म्हणाले. मला ते सांगता येत नाही हे पटेना. मी अप्पांना भिंतीपासून बरोबर एक मीटरवर स्टुलावर बसवायचे, भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे बघायला सांगायचे आणि बाहेरून आत खडू सरकवत आणायचे. ते "आला" म्हणाले की तिथे खूण. नोव्हेंबरात त्या खुणांचं वर्तुळ एक्केचाळीस सेंटीमीटर रुंद भरलं. फेब्रुवारीत एकतीस. एप्रिलच्या पहिल्या रविवारी चोवीस. मी आलेख काढला. रेघ सरळ धरली तर ती दिवाळीच्या सुमारास शून्याला टेकत होती. रेघ सरळच जाईल असं काही नाही, हे मला माहीत होतं, पण ती वहीत काढून झाल्यापासून मला एका जागी बसवत नव्हतं.

आणि अप्पा त्या दिवसांत सारखे सालारजंगच्या घड्याळाचं काढत. पहिल्या वर्षीच्या सहलीत ते आणि गंगासागरकाकू दोघं जाऊन आले होते. दर तासाला एक छोटा माणूस दार उघडून बाहेर येतो, जितके वाजले तितके ठोके देतो आणि आत जातो. तो आत कसा जात असेल, त्याला कोणतं चाक ओढत असेल, किती दात असतील, यावर ते तासभर बोलायचे. जेवताना बोलायचे, थेंब घालून डोळे मिटून पडल्यावर बोलायचे. मला वाटलं, त्यांना ते आणखी एकदा डोळ्यांनी बघायचं आहे. मी यादीत त्यांचं नाव लिहिलं.

त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "माझं काट. मी बघितलंय."

मी कारण विचारलं तर ते समोरच्या घड्याळात सेल बसवू लागले. हल्ली दिवसभर तेच काम असायचं. किल्लीची घड्याळं कमी झाली होती, आणि टीव्हीवरच्या जाहिरातीतलं घड्याळ वाडीवस्तीवरच्या नवरदेवांनाही हवं होतं.

वेळापत्रकासाठी मला त्या घड्याळाला नेमका किती वेळ द्यायचा ते ठरवायचं होतं. बाराचे ठोके सगळ्यांत जास्त, तेव्हा बाराला तिथे पोहोचणं बरं. मी जाऊन आलेल्यांना विचारत फिरले. कापड दुकानदार रामकिसन म्हणाले, माणूस हत्तीवर बसून येतो. त्यांच्या बायको गीताबाई म्हणाल्या, हत्ती न्हाई, मोर हाय, आन माणूस मागून येतो. भगवानरावांच्या मते तो एक शिपाई होता आणि सलाम करायचा. किती उंच, विचारलं तर वीतभर ते पुरुषभर अशी उत्तरं मिळाली. मी सगळी वहीत लिहिली. एकच वस्तू बघून आलेल्या नऊ जणांची नऊ मापं. प्रयोगशाळेत असं झालं असतं तर सरांनी आधी विचारलं असतं, की तुम्ही उपकरण पाहिलं तरी का?

मी म्युझियमला वेळा विचारणारं जोडकार्ड टाकलं होतं. अकराव्या दिवशी त्याचं उत्तर आलं. दोनच ओळी होत्या. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. शुक्रवारी बंद.

मी ते कार्ड घेऊन आमच्या घरात तीन चकरा मारल्या आणि शेवटी काकूकडे गेले. काकू ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी कार्ड वाचून दाखवलं. त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि मग म्हणाल्या, "फाटक लई मोठं हाय बाई त्याचं."

पुढचं त्यांनी सावकाश सांगितलं. पहिल्या वर्षी गाडी फाटकाशी थांबली तर कुलूप. सगळे भिंतीच्या सावलीला बसून दशम्या खाऊन निघाले. परतताना गाडीत भगवानरावांनी अप्पांना म्हटलं, तुमी घड्याळाचे डाक्टर, आत काय असंल ते तुमीच सांगा, घरी गेल्यावर लोक इचारतील. अप्पांनी असं घड्याळ कसं चालत असेल ते समजावून सांगितलं. चाकं, दार, माणूस, ठोके. गाव येईपर्यंत प्रत्येकाने ते पाहिलेलं होतं. पुढच्या दोन्ही वर्षी गेलेल्यांनीही कुलूपच पाहिलं, पण मागच्यांनी घड्याळ पाहिलेलं असताना आपण न पाहता कसं यायचं?

"ह्यांनी आधी सरळ सांगितलं असतं," काकू म्हणाल्या. "पर दुकानाम्होरं माणसं गोळा झाली, अप्पा कसं होतं घड्याळ, कसं होतं. घड्याळवाल्याला न्हाई बघितलं म्हणता येतंय का? तू त्यांच्याजवळ काढू नको."

दोन दिवस मी काढलं नाही. त्या दोन दिवसांत मी घरातल्या सगळ्या घड्याळांना तीनदा किल्ली दिली, वेळापत्रक चारदा लिहून फाडलं, आणि भगवानरावांकडे जाऊन सहल बुधवारी किंवा शनिवारी न्यायला सांगून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू गुरुवारचा बाजार मंगळवारी भरवायला सांगत होते. पेठ शुक्रवारीच मोकळी असते, ते म्हणाले. म्युझियम बाहेरून बघू, बाहेरूनबी लई छान हाय. आणि कार्डाचं चारचौघांत बोलू नको, एवढं मात्र आवाज खाली आणून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. खडूने मोजलं. बावीस.

मी खडू ठेवला आणि कार्ड अप्पांच्या हातात दिलं. त्यांनी सवयीने डोळ्याला भिंग लावलं आणि ते अक्षर अक्षर सरकत वाचलं. वाचून झाल्यावरही भिंग काढलं नाही.

"काकूनं सांगितलं?"

"कार्डानं सांगितलं. काकूनं बाकीचं."

मी आलेखाची वही उघडून पुढे केली आणि रेघ कुठे टेकते ते बोट ठेवून दाखवलं. असं करायला नको होतं, असं मला करतानाच वाटत होतं. त्यांनी माझं बोट बाजूला केलं आणि ती जागा भिंगातून पाहिली.

"म्हंजे अजून सा महिने," ते म्हणाले.

"सरळ गेली तर. वाकली तर कमी."

मग कोणत्या वारी जायचं, या हिशेबाला ते लागले. शनिवार ते बुधवार दुकान उघडं, गिऱ्हाईक रोजचं, पण तसं एखादा दिवस बंद ठेवता येईल. फक्त शनिवारी भगवानराव परत येणार, त्यांच्या समोर आपण दुसऱ्या दिवशी हैदराबादला निघायचं म्हणजे बोभाटा. पुढच्या आठवड्यात लग्नं. त्याच्या पुढच्या आठवड्यात काकूच्या माहेरी जत्रा. प्रत्येक वाराला त्यांच्याकडे एक अडचण होती आणि मी प्रत्येक अडचण खोडत होते. आम्ही दोघंही उभे राहून बोलत होतो, हे नंतर माझ्या लक्षात आलं. शेवटी गुरुवार उरला.

"गुरुवारी एकतीस वर्सांत दुकान बंद न्हाई," अप्पा म्हणाले. "वाडीवस्तीवरची माणसं आठ दिस घड्याळ बंद ठिवतात आन बाजारादिवशी आणतात."

"मग आठ दिवस आणखी ठेवतील."

त्यांनी भिंग काढलं. "बुधवारची संध्याकाळची गाडी हाय का घाटनांदूर टेसनाहून?"

आहे, मी म्हणाले. मला वेळ पाठ होती.

बुधवारी दुपारी त्यांनी मला दुकानाची पाटी आणि खडू दिला. मी लिहिलं, उद्या बाजारादिवशी दुकान बंद राहील. एवढ्यावर मी थांबले. ते म्हणाले, कावून बंद ते नको का लिहायला? मी लिहिलं, सालारजंगचे घड्याळ बघण्यास जात आहे. त्यांनी पाटी जवळ घेतली, वाचली, आणि परत दिली.

"पहिल्यांदा लिही."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते रस्त्याकडे बघत होते, म्हणजे रस्त्याचा जेवढा तुकडा त्यांना दिसत होता तेवढ्याकडे. मी 'पहिल्यांदाच' हा शब्द 'बघण्यास'च्या आधी वर घुसवला.

पाटी टांगून दहा मिनिटं झाली नसतील, तोवर समोर माणसं जमली. उद्याच्या बाजारासाठी आजच आलेले बांगडीवाले, कोपऱ्यावरचा चहावाला. रामकिसन दुकानातून कापड मोजायचा गज हातात घेऊनच आले. भगवानराव जीप थांबवून उतरले आणि पाटी दोनदा वाचली.

"अप्पा, ही पुसा," ते हळूच म्हणाले. "उद्या सांच्याला माझी गाडी चाललीय. सव्वीस माणसं हायत."

"चालू द्या की. चारमिनार उघडाच असतो."

"मंग तीन वर्सं लोकांला सांगितलं ते?"

"घड्याळ तसंच चालत असंल," अप्पा म्हणाले. "पर म्या बघितलं न्हाई. तुमीबी न्हाई. फाटक बघितलं."

कुणी तरी हसलं. रामकिसन गजाने मान खाजवत म्हणाले, "आन माझा हत्ती?"

"त्यो तुमचा हाय, रामकिसन. त्याला मी हात लावला न्हाई."

आता सगळेच हसले, दुकानाच्या दारात उभ्या गीताबाई तर पदर तोंडाला लावून आत पळाल्या. भगवानराव हसले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, की पहिल्या वर्षी तुम्हाला आमच्या गाडीत पुढची जागा दिली होती. अप्पांनी मान हलवली. मग फळ्या लावताना त्यांचा हात दोनदा चुकला. मी फळी धरली. गाडीला साडेतीन तास होते आणि ते आत्ताच निघू म्हणत होते.

गुरुवारी पावणेबाराला आम्ही त्या घड्याळासमोर होतो. समोरचे बाक भरलेले, मागे माणसं उभी, बापांच्या खांद्यावर पोरं. आमच्यासारखंच सगळ्यांनी बाराचं गणित केलं होतं. बाराला तीन मिनिटं असताना वरचं छोटं दार उघडलं आणि दाढीवाला माणूस बाहेर आला. हत्ती नव्हता, मोरही नव्हता. खाली एक लोहार मात्र होता, तो एकेक सेकंद ठोकत होता, आणि त्याच्याबद्दल आमच्या गावात कुणीच काही बोललं नव्हतं. दार उघडताच पुढची माणसं उठून उभी राहिली. मी अप्पांच्या खांद्याला धरून सांगत राहिले, वर, थोडं डावीकडे, आणखी वर. त्यांची मान वळत होती आणि प्रत्येक वेळी त्या छोट्याशा जागेत कुणाचं तरी डोकं येत होतं. बारा ठोके पडले. दार मिटलं.

"दिसलं?"

"न्हाई," ते म्हणाले.

एक वाजता फक्त एक ठोका, म्हणून गर्दी पांगली. बाक निम्मे रिकामे झाले. मी त्यांना पहिल्या बाकावर बसवलं, मग वाटलं जवळ झालं, तिसऱ्यावर नेलं, परत दुसऱ्यावर आणलं. ते माझ्या मागे उठत-बसत राहिले. एकाला तीन मिनिटं असताना दार उघडलं, आणि या वेळी मला काही सांगावं लागलं नाही. त्यांची मान थांबली. माणूस आला, एक ठोका दिला, फिरला, गेला.

आम्ही दोन बघितले, तीन बघितले, चार बघितले. मला इतर दालनं बघायची होती, ती राहिली. पाचला पहारेकरी लोकांना बाहेर काढू लागला तेव्हा अप्पा त्याच्याजवळ गेले आणि घड्याळ मागच्या बाजूने बघता येईल का, असं त्याला विचारू लागले.

"पिच्छे कुछ नहीं है, चाचा," तो म्हणाला. "चलो, बंद हो गया."

"पिच्छेच तो सब है, मियाँ," अप्पा म्हणाले, आणि जागचे हलले नाहीत.