हौदा आखूड, मशीन लांब

जावयाचा धाकटा भाऊ एटीव्ही न्यायला आला तेव्हा मी ओट्यावर पुस्तक उघडून बसलो होतो. वाचत नव्हतो. एकाच ओळीवरून नजर पुन्हा पुन्हा फिरत होती.

जावई गेल्यापासून हा माणूस अधूनमधून येतो आणि काहीतरी उचलून नेतो. आधी हत्यारांची पेटी गेली, मग शिडी, मग भिंतीवरचं घड्याळ. "दादाचं म्हणजे माझंच की, वहिनी," असं म्हणतो आणि काखेत मारतो. आता राहिली होती ही एटीव्ही, मोटरसायकलसारखं हँडल आणि चार जाड टायर असलेली, दोघांना बसता येईल एवढी लांब. माझ्या मुलीची रोपवाटिका चढावर आहे. माती, खत, कुंड्या, सगळं ती याच गाडीवरून वर नेते. गाडी गेली तर हंगाम संपायच्या आत रोपवाटिका बंद पडणार. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही.

घरात त्याला सगळे हिरो म्हणतात आणि तो ते मनावर घेतो. मला तो मास्तर म्हणतो. मी जन्मभर ग्रंथालयात होतो, कधी कुणाला काही शिकवलं नाही. पण हे त्याला सांगायचं राहून गेलं. माझ्या बऱ्याच गोष्टी सांगायच्या राहून जातात. घड्याळ गेलं त्या दिवशी मुलगी म्हणाली होती, "बाबा, तुम्ही समोर बसला होतात. निदान एक शब्द?" त्या एका शब्दाने माझी झोप उडवली होती.

हिरोचा एक स्वभाव मात्र मी बसल्या बसल्या टिपला होता. माझं म्हणणं बरोबर निघालेलं त्याला खपत नाही. चहा गरम आहे म्हटलं तर एका घोटात संपवून, डोळ्यांत पाणी आलं तरी "कोमट होता" म्हणणार. पुलावर काम चाललंय म्हटलं तर पुलावरूनच जाणार.

त्याने नवी कोरी पिकअप अंगणात उलटी लावली. पुढे चार दारं, ऐसपैस सीटा, आणि मागे हौदा एवढासा.

"यात कशी मावेल ती?" मुलगी म्हणाली.

"वहिनी, गाडी घेताना मी बघूनच घेतली असेल ना? हौद्याचा मागचा फाळका उघडाच ठेवायचा. मागची चाकं फाळक्यावर. पट्ट्यांनी आवळली की झालं."

त्याने दोन लोखंडी फळ्या फाळक्याला टेकवल्या, पट्ट्याने घट्ट बांधल्या. नीट बांधल्या, खोटं कशाला बोलू. मग कोपऱ्यातला एक जुना टायर उचलून हौद्यात पुढे, केबिनच्या काचेखाली उभा केला. एटीव्ही पुढे सरकली तरी टायरावर अडावी, काचेला लागू नये म्हणून. माणूस अगदीच मूर्ख नव्हता, आणि मला त्याचंच वाईट वाटलं.

तेवढ्यात माझ्या मनात ते आलं. कुठून आलं, सांगता येत नाही. मी पुस्तक मिटलं, खाली उतरलो आणि हौद्यात डोकावलो.

"वा!" मी म्हणालो. "टायर ठेवलात ते फार बरं केलंत. मी तेच सांगणार होतो."

तो थांबला. "काय सांगणार होतात?"

"तेच, की टायर हवाच. आणि चढवताना बेताबेताने घ्या. वेगाचा खटका अंगठ्याने जास्त दाबला गेला तर काच जाईल. तुम्ही समजूतदार आहात म्हणून बरं."

"मास्तर, मी ह्या गाड्या चालवतोय तेव्हा तुम्ही पुस्तकांची धूळ झटकत होतात."

"म्हणूनच म्हणतो, टायर असू द्या."

त्याने टायर उचलला आणि अंगणात भिरकावला. तो घरंगळत कुंड्यांपाशी जाऊन पडला. मी मागे सरलो.

हिरो एटीव्हीवर बसला. पुढची चाकं फळ्यांवर चढली, हौद्याच्या कडेवर गाडी उसळली, आणि त्या हिसक्याने त्याचा अंगठा खटक्यावर पुरता दाबला गेला. गाडी सुसाट पुढे गेली. तिची पुढची लोखंडी जाळी मागच्या काचेतून सरळ केबिनमध्ये घुसली. मागची चाकं धाडकन फाळक्यावर आदळली, तो एका बाजूने तुटून लोंबला.

हिरोला खरचटलंही नाही. तो हौद्यात उभा राहून आपल्या नव्या सीटांवरचा काचांचा चुरा बघत होता. मी त्याचं तोंड बघत होतो. पोटभर.

"मोठी गाडी बोलावतो," तो ओरडला आणि त्याने फोन काढला. "आत्ता! न्यायची म्हणजे न्यायचीच!"

मुलीचा चेहरा उतरला. मीही गडबडलो, इतकं पुढचं मी ठरवलंच नव्हतं. पण तोंड आपोआप उघडलं.

"बोलवाच," मी म्हणालो. "आजच्या आज न्या ते धूड. मी पोरीला कधीपासून सांगतोय, काढून टाक म्हणून. त्या आवाजात मला एक पान वाचता येत नाही."

फोन कानाजवळ थांबला.

"आवाजाचा त्रास होतो?"

"फार."

"रोज?"

"सकाळपासून संध्याकाळपर्यंत."

त्याने फोन खिशात टाकला. "मग राहू दे इथेच! ऐका रोज, मास्तर! मी नाही नेत, जा!"

मुलीने फळ्या सोडवून हौद्याच्या कडेला टेकवल्या आणि एटीव्ही उलटी घेत खाली उतरवली. हिरो लोंबता फाळका दोरीने बांधून, मान आखडून निघून गेला. केबिनमध्ये वारा शिरत असणार. पाऊस यावा असं मला मनापासून वाटलं, पण आभाळ स्वच्छ होतं.

मग ती माझ्यासमोर उभी राहिली. "त्यांच्या बाजूने बोललात, बाबा? न्या म्हणालात?"

"न्या म्हटलं, म्हणून राहिली."

कुंड्यांपाशी पडलेल्या टायराकडे तिची नजर गेली, मग माझ्याकडे वळली.

"तोही तुम्हीच?"

मी मान डोलावली.

"आधी सांगायचंत ना! मी फळ्यांकडे बघत होते. त्यांचं तोंड बघायचं राहिलं माझं."

अंगणात सांडलेल्या काचा झाडायला तिने केरसुणी घेतली. मी ती तिच्या हातातून काढून घेतली.

"राहू दे, मी करतो," मी म्हणालो, आणि हिरोचं तोंड आठवत, जेवायची वेळ होईपर्यंत ते तेवढंसं अंगण झाडत बसलो.